जगांतली पत आणि घरांतली पायली

परवां कर्जत स्टेशनाजवळच्या एका राजकीय पक्षाच्या कचेरींत आम्हांस तास-दीड तास बसण्याचा प्रसंग आला. पक्षाचें नांव सांगण्याची गरज नाहीं. जें आम्हीं तेथें ऐकिलें तेंच थोड्याफार फरकानें नेरळांत, चौकांत किंवा खोपोलींत दुसऱ्या कोणत्याहि पक्षाच्या कचेरींत ऐकूं आलें असतें. भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी, टेबलावर चहाचे पेले आणि सभोंवार दहा-बारा कार्यकर्ते. आम्ही गेलों होतों एका गांवच्या रस्त्यावर खडी कधीं पडणार याची चौकशी करावयास. तेथें चर्चा चालली होती साऱ्या जगाची.

एक जण म्हणत होता कीं, आतां आपला देश जगाचा गुरु झाला. दुसरा म्हणे, गुरु कसला? अमेरिकेनें २०२५ सालच्या ऑगस्टांत आपल्या मालावर पन्नास टक्के जकात लादली तेव्हां हा गुरु कोठें होता? तिसऱ्याचें म्हणणें असें कीं, रशियाचें तेल घ्यावें कीं न घ्यावें हें आपलें आपण ठरवावें, तिऱ्हाइताला त्यांत तोंड घालण्याचें कारण नाहीं. चवथा हातांतला फोन पुढें करून कोणत्या देशाचें सैन्य केवढें याचा तक्ता सर्वांना दाखवीत होता. आवाज चढले, चहा निवून गेला, आणि खडीची गोष्ट काढण्याचें आमचें धाडस होईना.

हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं. शेतकऱ्याच्या पोरानें जगाच्या उठाठेवी करूं नयेत, आपला राब आणि आपलें आवण बघावें, असा उपदेश करणारे लोक पूर्वीं पुष्कळ होते. तो उपदेश कोणाच्या सोयीचा होता हेंहि वाचकांस ठाऊक आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें तें कोणास अर्पण केलें? अमेरिकेंत काळ्या गुलामांना मोकळें करण्यासाठीं ज्या सज्जनांनीं झीज सोसली त्यांना. पुण्यास बसून सात समुद्रांपलीकडच्या देशाची परीक्षा त्यांनीं केली, ती त्या देशाच्या तोफा मोजून नव्हे. तेथें कोण कोणाच्या पायांतली बेडी तोडतो हें पाहून केली. तेव्हां कर्जत-खालापूरच्या पोरांनीं जगाचा विचार अवश्य करावा. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती त्याच बैठकींत एका म्हाताऱ्यानें आमच्या आधीं बोलून दाखविली.

कोपऱ्यांतल्या बांकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. सात-बाराच्या कांहीं कामासाठीं आले असावेत. सगळे त्यांना आबा म्हणत. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, "पोरांनो, येवढा जगाचा बोलतांव, तर येक सांगा. त्या सालीं तांदूळ बाहेर धाडाचा बंद केला, तो कोनाला इचारून? आमाला त कोनी इचारला नाय."

कचेरी क्षणभर गप्प झाली. मग सेक्रेटरीसाहेब हंसून म्हणाले, "आबा, तो फार वरच्या पातळीवरचा विषय आहे. तुम्ही नका त्यांत डोकें घालूं."

पाहा वाचकहो! रशिया, अमेरिका, तोफा, विमानें हे विषय वरच्या पातळीवरचे नव्हते. त्यांवर तासभर सर्वांनीं डोकें चालविलें. पण तांदूळ, जो या तालुक्यांत गुडघाभर चिखलांत उभें राहून पिकवावा लागतो, त्याचा विषय निघतांच तो वरच्या पातळीवर चढून बसला. या एका उत्तरामुळें आम्हीं आजचा लेख लिहावयास घेतला आहे.

आबा ज्या हुकुमाविषयीं बोलत होते तो काय होता तें आधीं सांगूं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या पोटाशीं वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर बांधवांची ती वाडी झोपेंतच मातीखालीं गेली. चौकाच्या बाजूनें वर जावयास नुसती चिखलाची पायवाट. यंत्रें वर चढेनात. माणसें कुदळी-फावड्यांनीं माती उकरीत होतीं. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं, सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत, आणि शेवटीं शोध थांबवावा लागला. दोन्ही तालुक्यांचे डोळे त्या ढिगाऱ्याकडे लागलेले असतांना दुसऱ्याच दिवशीं, २० जुलैस, दिल्लीहून हुकूम सुटला कीं, बासमतीखेरीजचा पांढरा तांदूळ देशाबाहेर पाठविण्यास बंदी. आमच्या इकडे तो कोणीं वाचला नाहीं. ती वाचण्याची वेळ नव्हती.

हुकूम लहान नव्हता. जगांत देशोदेशींच्या बंदरांवरून जेवढा तांदूळ विकला जातो त्यांतलीं दर दहा पोत्यांपैकीं चार पोतीं आपल्या देशाचीं असतात. २०२२ सालीं सुमारें २२० लाख टन तांदूळ आपण बाहेर पाठविला होता. त्यांतला मोठा वांटा ज्या जातीचा, तिचीच वाट या हुकुमानें अडली. पुढच्या महिन्यांत उकड्या तांदुळावर वीस टक्के निर्यात-जकात बसली. बंदी उठली ती २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस. म्हणजे दोन लावण्या त्या बंदींत झाल्या.

सरकारनें कारण सांगितलें कीं, घरच्या बाजारांत तांदूळ महागत चालला आहे आणि पाऊसपाण्याचा भरंवसा नाहीं. हें कारण खोटें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचे वाचक भात पिकविणारे आहेत तसेच विकत घेणारेहि आहेत. कर्जतचा सुतार, नेरळची शिवणकाम करणारी बाई, खोपोलीच्या कारखान्यांतला रोजंदारीवरचा गडी, यांना तांदूळ दुकानांतूनच आणावा लागतो. इतकेंच काय, दिवाळीच्या सुमारास देणें भागविण्यासाठीं भात विकणारें आणि ज्येष्ठ-आषाढांत तोच तांदूळ चढ्या भावानें विकत घेणारें घर एकच, अशींहि घरें या दोन्ही तालुक्यांत कमी नाहींत. म्हणून 'भाव वाढूं द्या' एवढीच आरोळी ठोकून या पत्राला मोकळें होतां यावयाचें नाहीं.

पण त्याच वेळीं सरकारी गोदामांत काय होतें? जुलै महिन्यांत हाताशीं असावा म्हणून जो तांदुळाचा साठा ठरवून दिलेला आहे तो सुमारें १३५ लाख टनांचा. प्रत्यक्षांत सरकारजवळ, न भरडलेलें भात धरून, त्याच्या दुपटीहून पुष्कळ अधिक माल होता. कोठी काठोकांठ भरलेली आणि दाराला कुलूप, असा तो प्रकार. इकडे भाताचा हमीभाव जूनमध्यें क्विंटलला २१८३ रुपये जाहीर झालेला. आणि २० जुलै म्हणजे आपल्याकडे काय हें शेतकऱ्यास सांगावयास नको. राब भाजून झाला, बी पेरून झालें, आवण उपटून चिखलांत लावणें चाललेलें, मजुरी दिलेली, खत आणलेलें. घरांतली सारी पुंजी मातींत घातल्यावर मग बाजाराची एक वाट बंद झाली.

आणि बाहेर काय झालें? ऑगस्टांत जगांतल्या तांदुळाचा भाव पंधरा वर्षांत नव्हता एवढा चढला. आपला साधा तांदूळ खाणारे लोक कोण? पश्चिम आफ्रिकेंतल्या बेनिन, सेनेगल यांसारख्या देशांतले कोळी, हमाल, शेतमजूर. आपल्यासारखेच हातावर पोट असलेले. सप्टेंबरांत दिल्लीस वीस राष्ट्रांची मोठी परिषद भरली आणि आपल्या अध्यक्षतेखालीं आफ्रिकेच्या राष्ट्रसंघाला तेथें कायमची खुर्ची मिळाली. आम्हांला त्याचा खरोखर अभिमान वाटला. पण पाहुण्याला पाट मांडला आणि ताट आंतल्या खोलींत अडकवून ठेविलें, हें कोणत्याहि घरच्या बाईला सुचलें नसतें. न्यायाला सोडून लिहावयाचें नाहीं म्हणून हेंहि सांगतों कीं, ज्या गरजू देशांनीं अर्ज केला त्यांतल्या कित्येकांना सरकारनें सरकारमार्फत कांहीं तांदूळ सोडला. परंतु हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. सावकार तरी कोठें साफ नाहीं म्हणतो? कुळानें ओसरीवर येऊन, जोडे बाहेर काढून उभें राहावें, एवढीच त्याची इच्छा असते.

आतां आबांच्या प्रश्नाकडे वळूं. 'आम्हांला विचारलें नाहीं' ही तक्रार या डोंगरपट्टींत नवी नाहीं. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयनें हिंदुस्थान लढाईंत उतरला असें जाहीर केलें, तेंहि कोणाला विचारून नव्हे. लढाई हजारों कोसांवर होती, पण तिची एक तार येथूनच जात होती. खोपोलीचें टाटांचें वीजघर १९१५ सालचें, भिवपुरीचें १९२२ सालचें. घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी मोठ्या नळांतून खालीं सोडून तेथें वीज करितात आणि ती मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना जाते. लढाईच्या काळांत त्या मुंबईंतून लढाईचा माल निघत होता. माथेरानच्या नाभिक घराण्यांत १९१२ सालीं जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनीं ही तार बरोबर ओळखली. १९४२ च्या चळवळींत त्यांच्या आझाद दस्त्यानें वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. आपला देश जगांत कोणाच्या बाजूनें आणि कोणाच्या हुकुमानें उभा राहील, यावर या तालुक्यानें दिलेलें तें मत होतें.

कोतवालांच्या स्मारकाला सगळे पक्ष वर्षांतून एकदां हार घालतात. पण मनोरे पाडण्यापूर्वीं याच माणसानें गरीब शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठी काढली होती, ही गोष्ट भाषणांत क्वचित् येते. तीं घरें कशीं चालत तें जुन्या माणसांस विचारा. पावसाळ्यांत कणगी रिकामी झाली कीं सावकाराच्या दारीं जावयाचें. एक मण भात खावटीस आणलें तर सुगीला दीड मण घालावयाचें, हीच दिढी. दिढी देऊन उरलें तेवढ्यावर पुन्हां आषाढ येईपर्यंत दिवस काढावयाचे. पीक ज्याचें तो उपाशी, आणि कोठी ज्याची तो राजा. कोतवालांनीं कोठीची किल्ली सावकाराच्या कंबरेची काढून शेतकऱ्यांच्या हातीं देऊं पाहिली. त्याच सुमारास, १९४२ सालीं, ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षीं मुंबईंत रेशन सुरू झालें, आणि बंगालांत तर लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. तांदुळाचें दार बंद झाल्यानें काय होतें हें ज्या देशानें असें पाहिलें आहे, त्या देशाला आफ्रिकेच्या गरिबाचें दुःख समजावून सांगावें लागूं नये.

स्वराज्य आल्यावरहि कोठीची किल्ली बरींच वर्षें दुसऱ्याच्या कंबरेला होती. १९५१ सालीं धान्याची भयंकर तूट आली तेव्हां आपण अमेरिकेकडे खावटी मागितली. कोरियाच्या लढाईंत आपण त्यांच्या होस हो मिळविला नाहीं म्हणून तेथल्या कायदेमंडळांत महिनोन् महिने काथ्याकूट झाला, आणि जूनमध्यें एकोणीस कोटी डॉलरांचें कर्ज एकदांचें मंजूर झालें. १९६५-६६ च्या दुष्काळांत अध्यक्ष जॉन्सन यांनीं गहू एकदम न सोडतां हात आंखडून थोडाथोडा सोडला. व्हिएतनामच्या लढाईवर आपण बोललेलें त्यांना खुपत होतें. जहाज बंदरांत लागलें म्हणजे महिन्याची चूल पेटली, असे ते दिवस. त्या अपमानांतूनच आपण भात-गव्हाच्या मागें लागलों. १९६६ सालीं फिलिपाइन्समधल्या संशोधनसंस्थेनें आयआर-८ हें बुटकें भात बाहेर काढलें. तायवानचें ताईचुंग भातहि त्याच सुमारास आपल्याकडे आलें. कर्जतचें भात-संशोधन केंद्र तर १९१९ सालचें. बाहेरच्या अशा बुटक्या वाणांचा आपल्या जुन्या वाणांशीं संकर करून तेथें 'कर्जत' नांवाचीं भातें निघालीं आणि तीं जिल्ह्याबाहेरहि गेलीं. ज्या बियाण्याला आपण मोठ्या प्रेमानें तालुक्याचें नांव लावितों त्याच्या अंगांत असें परदेशचें रक्त आहे. तेव्हां जगाचा आणि आमचा संबंध काय, असें विचारणाऱ्यानें आपल्याच कणगींत हात घालून पाहावा.

याप्रमाणें कालचा कुळवाडी आज कोठीवाला झाला आहे. आपल्या देशाचें जगांतलें खरें नवें स्थान आमच्या मतें हें आहे. गुरु आणि महाशक्ति या गोष्टी ज्यांना बोलावयाच्या त्यांनीं बोलाव्या. पण जगांतल्या कोट्यवधि गरिबांची हांडी आपल्या एका हुकुमावर चढते आणि उतरते, ही गोष्ट बोलण्यावर नाहीं, ती घडलेली आहे. २००८ सालींहि ती घडली होती. तेव्हां आपण आणि इतर कांहीं देशांनीं तांदूळ अडविला, भाव भडकले, आणि तिकडे हैतीसारख्या देशांत अन्नासाठीं दंगे होऊन प्रधानाला घरीं जावें लागलें. कोठीवाल्यानें कसें वागावें याचें शास्त्र मात्र आपणांस कोणाकडून शिकावयास नको. कुळ म्हणून तें आपण पाठीवर शिकलों आहों.

कचेरींतल्या एका तरुण कार्यकर्त्यानें आबांना बरें उत्तर देण्याचा प्रयत्न केला, तोहि येथें नमूद करितों. तो म्हणाला, "आबा, आपला देश जगाच्या व्यापारसंस्थेंत तुमच्यासाठींच भांडतो." मुलगा अभ्यासू दिसला, आणि त्याचें म्हणणें खरें आहे. त्या संस्थेचा नियम असा कीं, हमीभावानें धान्य घेऊन केलेली मदत उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर जातां कामा नये. आणि ती मदत मोजावयाची कशी, तर १९८६ ते ८८ सालच्या किंमतींशीं ताडून! आजच्या भाताला आजोबांच्या वेळच्या पायलीनें मापावयाचें. २०१३ सालीं बाली येथें आपण हट्ट धरून, अशा खरेदीबद्दल आपल्यावर दावा न लावण्याची सवलत मिळविली, आणि २०१८-१९ सालच्या तांदुळासाठीं ती प्रथम आपणच वापरली. २०२५ सालीं अमेरिकेशीं जकातीचा तंटा चालू असतांना शेतकऱ्यांच्या हिताशीं तडजोड नाहीं, असेंहि सरकारनें जाहीर केलें. या सगळ्याबद्दल आम्ही सरकारला दोष देत नाहीं, उलट शाबास म्हणतों. पण पोरा, बाहेर जाऊन शेतकऱ्याच्या नांवानें भांडावयाचें आणि घरीं शेतकऱ्याला न विचारतां त्याच्या मालाची वाट अडवावयाची, हीं दोन्ही कामें एकाच तोंडानें कशीं करितां येतील? आणि तेथें दुसरे देश आपल्याला विचारतात तेंहि ऐकून ठेव: गरिबांसाठीं म्हणून साठवितां, मग वाटेल तेव्हां विकतां आणि वाटेल तेव्हां रोखतां, हें कसें? या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावयाचें तर आधीं आपला व्यवहार सरळ पाहिजे.

शेतकऱ्यांच्या पक्षांनीं जगाचा विचार पूर्वीं केला नाहीं असें नाहीं. ब्राह्मणेतर चळवळींतून वर आलेले केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनीं १९४७-४८ च्या सुमारास शेतकरी कामकरी पक्ष उभा केला. पुढें आपल्या कुलाबा जिल्ह्यांत त्यानें खोलवर मूळ धरलें. या पक्षाच्या मंडळींनीं १९५० सालीं मालेगांव तालुक्यांतल्या दाभाडी गांवीं जमून एक लांबलचक प्रबंध मंजूर केला. जग दोन तळांत विभागलें आहे, नेहरू-सरकार इंग्लंड-अमेरिकेच्या तळाकडे झुकलें आहे, आणि आपलें स्थान रशियाच्या बाजूस आहे, असा त्याचा मथितार्थ. खेड्यांतल्या माणसांनीं बसून देशाच्या परराष्ट्र धोरणावर ठराव करावा ही केवढी हिंमत! ती हिंमत आम्हांला आजहि आवडते. पण प्रबंधाची भाषा मात्र उसनी होती. दूरदेशच्या पक्षांनीं एकत्र बसून आंखलेली रेघ आपल्या बांधावर ओढण्याचा तो यत्न होता. दाभाडीच्या शेतकऱ्याला बाजरीच्या भावाशीं तिचा संबंध काय हें कोणीं नीट समजावून दिलें, असें वाटत नाहीं. पुढें थोड्याच वर्षांत जेधे आणि मोरे दोघेहि काँग्रेसमध्यें परत गेले. प्रबंध राहिला.

याच्या उलट रीत पाहावयाची तर डॉक्टर आंबेडकरांची पाहा. १९५१ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें, त्याच्या कारणांत परराष्ट्र धोरण हेंहि एक होतें. त्यांनीं काय सांगितलें? साडेतीनशें कोटींचें वर्षाचें उत्पन्न, त्यांतले सुमारें एकशें ऐंशीं कोटी लष्करावर जातात. आपलें धोरण असें कीं ज्यानें मित्र जोडले नाहींत, म्हणून हा भार. त्यांचें निदान बरोबर होतें कीं चूक यावर वाद होऊं शकेल. पण जगाचा प्रश्न त्यांनीं घरच्या हिशेबाच्या वहींत उतरवून दाखविला, आणि वही प्रत्येकाला वाचतां येते. कर्जतच्या त्या कचेरींत फोनवरचा सैन्याचा तक्ता होता, वही नव्हती.

दुसरा एक मुद्दा त्या बैठकींत एकानें काढला, तो टाळून चालणार नाहीं. तो म्हणाला, "आधीं घरचे जेवतील, मग पाहुणे. यांत चूक काय?" चूक कांहींच नाहीं. पण शेजाऱ्याला मीठ-मिरची देतांना आपल्या घरांत 'आज देतों, उद्यां नाहीं म्हणतों' असा खेळ कोणी खेळत नाहीं. देणें थोडें असलें तरी चालतें, तें ठरलेलें पाहिजे. ज्यानें आपला तांदूळ खाण्यावर आपला संसार बसविला त्याला भर आषाढांत तोंडघशीं पाडलें, तर तो पुढल्या सालीं थायलंड-व्हिएतनामकडे जाईल, आणि मग आमचा माल कोण घेईल? परदेशांतली पत ही पुढाऱ्यांच्या गळाभेटींनीं बनत नाहीं. वाण्याची बनते तशीच ती बनते, मापानें आणि वेळेनें.

म्हणून आम्हीं त्याच बैठकींत कागद मागून घेतला आणि आबांच्या प्रश्नाला जोडून तीन गोष्टी लिहून दिल्या. तांदूळ बाहेर सोडावयाचा कीं नाहीं हें सरकारनें मृगापूर्वीं, राबांत बी पडण्याच्या आधीं सांगावें. लावणी झाल्यावर नव्हे. लावणीनंतर दार बंद करणें अगदींच भाग पडलें, तर तें उघडेपर्यंत हमीभावाच्या केंद्रावर येईल तें भात सरकारनें परत न धाडतां घ्यावें, आणि कर्जत-खालापूरसारख्या डोंगराळ तालुक्यांत हीं केंद्रें दिवाळीच्या आधीं उघडावींत. तोपर्यंत देणेकरी थांबत नाहींत आणि भात गिरणीवाल्याच्या दारीं जातें. आणि जे गरीब देश आपल्या तांदुळावर अवलंबून आहेत त्यांच्यासाठीं दर सालीं कांहीं वांटा आधींच बाजूस काढून ठेवावा; बंदी आली तरी तो त्यांना मिळावा, अर्ज-विनंत्या करावयास लावून नव्हे. ही आपली खावटी, दिढीवांचूनची.

यांतली तिसरी गोष्ट कांहीं कार्यकर्त्यांना रुचली नाहीं. "आफ्रिकेचं आपल्याला काय?" असें एक जण पुटपुटला. आबा मात्र म्हणाले, "लिवा तां. उपाशी मानूस उपाशीच असतो."

सेक्रेटरीसाहेबांनीं कागद घडी करून खिशांत घातला आणि म्हणाले, "ठीक आहे, वर पाठवितों."

"वर म्हंजे कोठं?" आबांनीं विचारलें. त्याचें उत्तर मिळालें नाहीं. कोणाचा तरी फोन वाजला आणि मंडळी उठली. खडीचेंहि राहिलेंच.

त्याच कागदाच्या नकला आम्हीं कर्जत आणि खालापूर येथील इतर पक्षांच्या कचेऱ्यांतहि नेऊन दिल्या आहेत. वाचकांनीं आपापल्या ग्रामसभेंत हा विषय काढावा, आणि ठराव झाला तर त्याची एक प्रत आमच्याकडे धाडावी. पक्षांकडून भातझोडणीपूर्वीं जीं उत्तरें येतील तीं याच पानावर जशींच्या तशीं छापूं. ज्यांचें उत्तर येणार नाहीं त्यांचीं नांवेंहि छापूं.